धबधबा, मनाई हुकूम आणि श्रमिकांचा रविवार
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



पावसाळा सुरू झाला की पुण्या-मुंबईच्या माणसांची पावले घाटाकडे वळतात. रविवारी सकाळी लोणावळ्याची लोकल तरुणांनी भरून जाते आणि पुढे भुशी धरणापर्यंतची वाट त्यातील अनेकजण पायीच तुडवतात. भुशीच्या पायऱ्या आणि मागच्या डोंगरातील धबधबे हा अल्प मिळकतीच्या माणसाला परवडणारा आनंद आहे.

३० जून २०२४ च्या रविवारी याच डोंगरातील धबधब्यात पुण्याच्या हडपसर भागातील एका कुटुंबातील पाचजण वाहून गेले. त्यांत एक स्त्री व चार मुले होती. डोंगरमाथ्यावर पाऊस कोसळला की उघड्या कातळावरून पाणी काही मिनिटांत खाली उतरते. खाली उभ्या असलेल्यांना त्याची चाहूलही लागत नाही. म्हणजेच, हा दैवाचा घाला नसून पूर्वसूचनेच्या अभावाचा परिणाम आहे. शासनाने मात्र नेहमीचाच मार्ग पत्करला आणि मनाई हुकूम निघाले.

ऐन अतिवृष्टीत वाट बंद करणे हे शासनाचे कर्तव्यच आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु केवळ बंदीने जीव वाचतात काय? खारघरच्या पांडवकडा परिसरात प्रवेशबंदी असतानाही ऑगस्ट २०१९ मध्ये चार विद्यार्थिनी वाहून गेल्या. १५ जून २०२५ रोजी, पुन्हा रविवारीच, इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळून चारजण मृत्युमुखी पडले. तेथे धोक्याचा फलक होता, गर्दी अडविणारी व्यवस्था नव्हती. फलक लावला की जबाबदारी संपली, अशी प्रशासनाची समजूत दिसते.

प्रश्नाची दुसरी बाजू वर्गीय आहे. ज्याच्यापाशी पैसा आहे, त्याच्यासाठी त्याच डोंगरउतारावर बंगले आणि तरणतलाव सिद्ध आहेत. मनाई हुकूम त्यांच्या फाटकाशी थांबतो. तो लागू होतो लोकलने येणाऱ्या कामगाराला, आणि त्याच्याबरोबर मक्याची कणसे व चहा विकून चार महिन्यांची बेगमी करणाऱ्या गावकऱ्यालाही. मग ‘हुल्लडबाज’ हा शब्द सर्वांनाच सरसकट चिकटविला जातो. हुल्लडबाजी होते, हे खरे. पण तिच्यासाठी साऱ्या श्रमिकांची सुट्टी रद्द करणे हा न्याय नव्हे.

ही सुट्टी कोणी दान दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० पासून मुंबईच्या कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. घटनेच्या ४३ व्या कलमात तर निर्वाह वेतनाबरोबरच फुरसतीच्या पूर्ण उपभोगाचाही स्पष्ट उल्लेख आहे. फुरसत ही चैन नाही, श्रमाच्या मोबदल्याचाच तो भाग आहे. शहरातील मोकळी मैदाने इमारतींखाली गेली, म्हणून तो भाग माणसे डोंगरात शोधतात.

तेव्हा कार्यकर्त्यांनी कोणत्या मागण्या कराव्यात? माथ्यावर पर्जन्यमापक आणि खाली भोंगा, दोर व प्रथमोपचाराची सोय, स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे, आणि हंगामभर स्थानिक तरुणांची पगारी, प्रशिक्षित रक्षक म्हणून नेमणूक. आज लोणावळ्यात ‘शिवदुर्ग मित्र’चे स्वयंसेवक जीव धोक्यात घालून शोधकार्य करतात. त्यांचे धैर्य वंदनीय आहे, पण त्यांच्या धैर्यावर शासनाने आपली काटकसर उभारू नये. वाहनतळाचे उत्पन्न ग्रामसभेकडे जावे आणि त्यातूनच या व्यवस्थेचा काही भार उचलला जावा. वन, रेल्वे, महसूल व नगरपरिषद यांपैकी कोण कशाला जबाबदार, हे पावसाळ्यापूर्वीच लेखी जाहीर व्हावे.

प्रत्येक तालुका शाखेने आपल्या भागातील अशी ठिकाणे स्वतः पाहावीत, गावकऱ्यांशी बोलावे आणि मे महिन्यातच तहसीलदारांपुढे निवेदन ठेवावे. प्रेते वाहून गेल्यावर काढलेल्या मोर्चापेक्षा पावसाआधी बसविलेला एक भोंगा अधिक मोलाचा आहे.