शाई वाळते तेव्हा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहितो म्हणून आकाशवाणीनं मला आजवर चार-पाच वेळा बोलावलं. दर वेळी विषय कवितेचाच. या वेळी केंद्रावरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, कविता पुष्कळ झाली. तुमच्या धंद्याबद्दल बोला." मला बरं वाटलं. कारण बी.ए.ला मराठी घेतलं, संग्रह निघाले, दोन-चार शाली मिळाल्या, तरी घर चाललं ते वडिलांनी सोलापुरात टाकलेल्या फोटो स्टुडिओवर. शाईशी माझं नातं असं दुहेरी आहे. कवितेच्या शाईनं मला कधी फार त्रास दिला नाही. दुसरीनं दिला, आणि मी त्याबद्दलच बोलणार आहे.

अकरा वर्षं मी एकाच कंपनीचं फोटो छापायचं यंत्र वापरलं आणि २०१९ साली कंपनी बदलली. कोणती सोडली आणि कोणती धरली, ते सांगणार नाही. एक तर आकाशवाणीवर कंपनीचं नाव घ्यायचं नसतं. आणि दुसरं, दोष सगळा तिचाच होता असंही नाही.

आमचे अब्बा डार्करूममधले. लाल दिव्याखाली, डेव्हलपर आणि हायपोच्या वासात त्यांचं आयुष्य गेलं. आमच्याकडे घरात भिंतीवर फोटो लावत नाहीत. पण या माणसानं शहरातल्या शेकडो घरांच्या भिंतींवर फोटो चढवले. प्रिंट चांगली की वाईट हे ते एकाच गोष्टीवरून ठरवायचे, काळा रंग कसा उतरलाय त्यावरून. केसांचा काळा वेगळा, कोटाचा वेगळा आणि डोळ्यातल्या बाहुलीचा वेगळा. तिन्ही एक झाले की ते प्रिंट फाडून टाकायचे. कागद वाया गेला म्हणून आई ओरडायची.

रंगीत फोटो आले तसा त्यांचा या कामातला रस गेला. रोल लॅबला जायचा, तयार प्रिंटा यायच्या. "अपन अब पोस्टमन हो गये," म्हणायचे. मग डिजिटल कॅमेरे आले आणि २००८ साली मी कर्ज काढून आठ शायांचं व्यावसायिक यंत्र घेतलं. पहिली प्रिंट त्यांच्याच एका जुन्या निगेटिव्हची काढली, खरखरीत मॅट कागदावर. ते दाराशी उजेडात गेले, खिशातलं भिंग काढलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "काला बराबर उतर्या."

पुढची अकरा वर्षं मी त्या कंपनीला का चिकटून राहिलो, याचं खरं कारण हे एवढंच आहे. २०११ साली अब्बा गेले. २०१४ मध्ये पहिलं यंत्र थकलं, तेव्हा मी दुसऱ्या कुठल्या दुकानात डोकावलोसुद्धा नाही. त्याच कंपनीचं पुढचं मॉडेल उचललं.

आता हे यंत्र चालतं कसं, ते थोडं सांगतो. त्याच्या डोक्याला, म्हणजे हेडला, केसापेक्षा बारीक अशी शेकडो भोकं असतात. त्यांना नॉझल म्हणतात. त्यातून शाईचे थेंब कागदावर उडतात. थेंब केवढा? काही पिकोलिटरचा. पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा एक लाख कोटीवा भाग. थेंब उडवायच्या दोन रीती आहेत. एकीत विजेचा धक्का दिला की वाकणारा पदार्थ असतो, तो शाईला ढकलतो. दुसरीत शाई क्षणभर उकळवतात आणि तिचा बुडबुडा पुढच्या शाईला बाहेर फेकतो. ही दुसरी रीत जपानमध्ये सापडली ती अपघातानं. १९७७ साली एका संशोधकाच्या हातातलं तापलेलं सोल्डरिंगचं हत्यार शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि शाई उडाली. मला ही गोष्ट फार आवडते. कविताही बहुतेक अशाच होतात, पण तो विषय आज नाही.

रीत कुठलीही असो, एवढ्या बारीक भोकात शाई वाळली की संपलं. आणि वाळवण्याच्या बाबतीत आमच्या सोलापूरच्या उन्हाळ्याचा हात कोण धरणार? एप्रिल-मेमध्ये इथं धुतलेली चादर अर्ध्या तासात वाळते. शिवाय त्या काळातलं भारनियमन. काम संपलं की यंत्राचं हेड आपल्या जागेवर जाऊन बसतं आणि त्याला खालून रबराचं झाकण लागतं. मधेच वीज गेली तर हेड वाटेतच उघडं राहतं. मी जेवायला घरी गेलेलो असायचो. परत येईपर्यंत दोन-तीन नॉझल मेलेले.

मग 'हेड क्लीनिंग'. यंत्र नॉझलमधून शाई ओढून घेतं आणि आतल्या टाकीत सांडून देतं. म्हणजे तुम्ही विकत घेतलेली शाई तुमच्या डोळ्यांदेखत गटारात. एकदा केलं, जमलं नाही. पुन्हा केलं. सर्व्हिस इंजिनिअर पुण्याहून यायचा, येण्याचे पैसे आधी घ्यायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, "बाहेरची शाई वापरली का?" एकदा वापरली होती. तेवढ्यावरून पुढची चार वर्षं मी आरोपीच.

एवढं होऊनही मी सोडलं नसतं. पण एप्रिल २०१९ ची ती संध्याकाळ आली.

मंद्रूपकडच्या एका गावातला माणूस, चाळिशीचा, एसटीनं आला होता. आई वारली होती, दुसऱ्या दिवशी दहावा. मोठा फोटो पाहिजे, फ्रेम करून, रात्रीच्या गाडीनं परत जायचंय. फोटो कुठाय म्हटलं, तर त्यानं मोबाइल पुढे केला. नातवाच्या जावळाचा कार्यक्रम. वीस माणसं, आणि कडेला, अर्धी खांबाआड, ती बाई. दुसरा फोटो नाही. आधार कार्डावरचा होता, पण तो म्हणाला, "त्यात ती आईसारखी दिसत नाही ओ."

बायकांच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. वयस्कर बाईचा एकटीचा फोटो आमच्याकडे क्वचित येतो. ती कायम कुणाच्या तरी मागे, कुणाचं तरी मूल कडेवर घेऊन उभी असते. मी तासभर बसून तिला खांबाआडून बाहेर काढलं, पदर नीट केला, मागचा मंडप पुसला. बाई छान दिसायला लागली. मग बारा-अठराची प्रिंट सोडली.

चेहरा हिरवा आला. मॅजेंटा, म्हणजे गुलाबी-जांभळी शाई, येतच नव्हती. ती नसली की उरलेल्या निळ्या-पिवळ्याचं हिरवं होतं. तो माणूस काउंटरवरून वाकून बघत होता. "तोंड हिरवं का दिसायलंय?"

मी क्लीनिंग केलं. तीनदा साधं, एकदा मोठं. क्लीनिंगमध्ये सगळ्याच शाया ओढल्या जातात, त्यामुळे मॅजेंटा सुटायच्या आधी फिका निळा संपला. आणि या यंत्रांचा कायदा असा, की आठातलं एक कार्ट्रिज संपलं तर बाकीची सात भरलेली असली तरी यंत्र छापत नाही. ते कार्ट्रिज सोलापुरात मिळत नव्हतं. पुण्याहून दोन दिवस.

तो माणूस काही बोलला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. टोपी हातात घेऊन नुसता बसून राहिला. हिरव्या चेहऱ्याच्या चार प्रिंटा टेबलावर, आणि त्या उलट्या ठेवायचंही मला सुचलं नाही. मुलानं आपल्या आईला असं बघायला नको होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटी मी पेन ड्राइव्ह घेतला, त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि पूर्व भागात एका अण्णांच्या स्टुडिओत गेलो. अण्णा म्हणजे माझे प्रतिस्पर्धी. लग्नाच्या ऑर्डरीवरून आमचं वीस वर्षांत फारसं बोलणं नव्हतं. ते शटर ओढत होते. मी सांगितलं, त्यांनी शटर वर केलं. पाच मिनिटांत प्रिंट हातात. फ्रेमसुद्धा त्यांनीच दिली. पैसे घेतले नाहीत, म्हणाले, मयताच्या फोटोचे कसले पैसे. निघताना मी त्यांच्या यंत्राकडे बघतोय हे पाहून म्हणाले, "आमच्या मशीनचा काळा तुमच्याएवढा नाही बघा. पण सकाळी चालू केली की चालती."

आठवड्यानं इंजिनिअर आला. हेड गेलंय म्हणाला. नव्याची किंमत यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त.

तरी मला महिना लागला. हसू नका. माणसाला यंत्राचीसुद्धा सवय होते, आणि माझ्या यंत्रात अब्बांचं ते एक वाक्य अडकलेलं होतं. मग आठवलं, की अब्बांनी तरी कुठं एकच कागद आयुष्यभर वापरला? त्यांचा जीव ॲग्फाच्या कागदावर. तो मिळेनासा झाला की ते उटीच्या सरकारी कारखान्याचा 'इंदू' कागद वापरायचे, शिव्या देत देत. पण त्याच कागदावर काळा काढायला शिकले. (ही नावं घ्यायला हरकत नसावी, आता जाहिरात होण्याची भीती नाही. फिल्म आणि कागद विकणारी ॲग्फाफोटो २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि उटीचा कारखानाही पुढे बंद पडला.) २००६ च्या जानेवारीत कोनिका मिनोल्टानं फोटोचा धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा लॅबवाल्यांना कुणी विचारलं नव्हतं, की तुम्हाला चालेल का. कंपन्या आपल्याला सोडताना महिनाभर तळमळत नाहीत.

पुण्याला गेलो. या वेळी खिशात पेन ड्राइव्ह आणि त्यात पाच फोटो. लाल शालूतली नवरी; पांढऱ्या शर्टातला सावळा मुलगा; अब्बांच्या हातचा एक कृष्णधवल; डाळिंबाची बाग; आणि ती मंद्रूपकडची बाई. दुकानदाराचे चकचकीत नमुने बघायचे नाहीत, आपलेच फोटो छापून घ्यायचे आणि ट्यूबलाइटखाली नव्हे तर दाराबाहेर उजेडात बघायचे, एवढं अब्बांनी शिकवलं होतं. मग प्रश्न विचारले. हेड मला स्वतःला बदलता येतं का? नॉझल बंद पडला तर काय होतं? शाई सोलापुरात कोण ठेवतं? तिन्ही उत्तरं बरी मिळाली. हेड बदलता येत होतं. एक नॉझल बंद पडला तर यंत्र त्याचं काम शेजारच्याकडे देत होतं. आणि शाई आमच्या नव्या पेठेतला एक दुकानदार ठेवत होता. घेतलं.

फायदाच झाला असं मात्र नाही. मॅट कागदावर जुन्या यंत्राचा काळा खरोखर जास्त खोल होता. आजही आहे. शिवाय प्रत्येक कागद आणि प्रत्येक शाई यांची जोडी जुळवावी लागते, तिला प्रोफाइल म्हणतात. रंगांच्या शेकडो चौकटी छापून पुण्याला पाठवायच्या, तिथं त्या मोजून एक फाइल करून देतात. ती येईपर्यंत पहिले तीन आठवडे माझ्याकडचे सगळे नवरदेव तापानं फणफणल्यासारखे लाल दिसत होते. आणि २०१६ च्या एका लग्नाच्या अल्बमची दोन पानं पाण्यानं गेली म्हणून पुन्हा छापली, तर नवरीच्या साडीचा रंग शेजारच्या पानाशी जुळेना. तिच्या सासूबाईंनी ते पहिल्या नजरेत पकडलं. अख्खा अल्बम पदरमोड करून छापून दिला.

पासपोर्ट, हॉल तिकीट, हजच्या अर्जाचे फोटो यांच्यासाठी मग एक वेगळंच छोटं यंत्र घेतलं. त्याला नॉझलच नाहीत. रंगाची रिबन असते, ती उष्णतेनं कागदावर उतरते. रिबन संपली की कागदही संपतो, हिशेब सोपा. फक्त एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. वापरलेल्या रिबनवर प्रत्येक गिऱ्हाइकाचा चेहरा उलट्या छटांत जसाच्या तसा राहतो. आम्ही ती कात्रीनं बारीक करूनच टाकतो. तुम्ही कुठं फोटो काढलात, तर ते रिबनचं काय करतात, हे विचारायला हरकत नाही.

एक सवय मात्र नव्या यंत्राबरोबर लागली. शाई वाहती ठेवायची तर रोज थोडं छापावं लागतं, काम असो वा नसो. उगाच रेघा कशाला छापायच्या, म्हणून मी अब्बांचं निगेटिव्हचं कपाट उघडलं. रोज सकाळी एक निगेटिव्ह स्कॅन करतो आणि पोस्टकार्डाएवढी प्रिंट काढून शोकेसमध्ये लावतो. पाकिटांवर नावं नाहीत, नुसते नंबर. काही महिन्यांपूर्वी भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई थांबल्या, काचेला नाक लावून बघत राहिल्या आणि आत येऊन म्हणाल्या, "ही मी आहे. मॅट्रिकला होते." प्रिंट दिली. त्यांनी ती पिशवीत भाजीच्या वर ठेवली, मग पुन्हा काढून हातातच धरली.

कालची प्रिंट दोन वेण्या घातलेल्या, गिरणीच्या भोंग्याखाली उभ्या असलेल्या एका मुलीची आहे. मागे सायकल टेकवलेली दिसते. आठवडाभर ती शोकेसमध्ये असेल. कुणाच्या ओळखीची असेल तर येऊन घेऊन जा.