घरातली गोष्ट आणि बालवाडीची वही
(लालबाग येथे प्रौढ स्त्रियांच्या वर्गात एका निवृत्त बालवाडी शिक्षिकेने दिलेले भाषण)



तुमच्या वर्गाच्या बाईंनी मला सांगितले, "आमच्या बायका आता जोडाक्षरे वाचतात. त्यांना उपयोगी पडेल असे काही बोला." मी म्हटले, मग बालवाडीच्या फॉर्मवर बोलते. तुमच्यापैकी निम्म्या जणींची मुले, नाहीतर नातवंडे, बालवाडीत किंवा अंगणवाडीत जातात. जूनमध्ये तिथे फॉर्म भरून घेतात. फॉर्मच्या तळाशी एक ओळ असते, "वरील सर्व गोष्टींस माझी संमती आहे." त्या ओळीखाली आजवर तुम्ही अंगठा उठवलात. आता सही कराल. पण वरच्या 'सर्व गोष्टी' कोणत्या, ते कितीजणींनी वाचले?

संमती म्हणजे काय? आपल्याला एखादी गोष्ट नीट सांगितली, ती समजली, 'नाही' म्हणायची मोकळीक होती, आणि तरी आपण 'हो' म्हटले, तर ती संमती. यातले एक जरी गाळले तरी कागदावर नुसती शाई उरते.

तुम्ही म्हणाल, बाई, आमच्या चाळीत कसली आली खाजगी गोष्ट? दहा बाय बाराची खोली, मध्ये एक भिंत. इकडे फोडणी दिली की तिकडे ठसका लागतो. नवराबायकोचे भांडण चार खोल्यांना ऐकू जाते. हे खरे आहे. मीही चाळीतच वाढले. पण एक बघा. शेजारणीला तुमचे माहीत असते, तसे तुम्हाला तिचे माहीत असते. दोघींची एकमेकींकडे ठेव असते म्हणा ना. म्हणून दोघीही सांभाळून बोलतात. बालवाडीच्या बाईचे तसे नाही. तिला पंचवीस घरांचे माहीत असते, आणि तिच्या घरचे कोणालाच माहीत नसते. म्हणून तिची जबाबदारी मोठी.

हे मी शहाणपणाने सांगते असे समजू नका. चूक करून शिकले, म्हणून सांगते.

१९८२ सालची गोष्ट. जानेवारीच्या १८ तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. मी तेव्हा याच भागात एका बालवाडीत शिकवत होते. नाव घेत नाही. माझ्या वर्गात पाच वर्षांचा एक मुलगा होता. त्याची आई खाणावळ चालवायची. गिरणीतले पंधरा-वीस गडी दोन वेळा तिच्याकडे जेवायचे. संप लांबला. गडी एकेक करून कोकणात, घाटावर आपापल्या गावी गेले. खाणावळ रिकामी पडली. तरी ती बाई सर्वांना सांगायची, "संप मिटला की परत चूल पेटेल." कोपऱ्यावरचा वाणी त्या भरवशावर तिला उधार देत होता.

बालवाडीत सकाळी गप्पांचा तास असतो. मुले गोल बसतात आणि मनात येईल ते सांगतात. एके दिवशी तो मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "आमचं मोठं पातेलं आईनं विकलं. परात पण विकली. आता मी पातेल्यात लपू शकत नाही." मुले हसली. मलाही हसू आले. दुपारी डबा खाताना मी ते दुसऱ्या बाईंना सांगितले. माझ्या मनात वाईट काही नव्हते. मला ते गोड वाटले होते. आमची सेविका तिथेच भांडी घासत होती. संध्याकाळी ती गोष्ट नळावर गेली. दुसऱ्या दिवशी वाण्याकडे पोचली.

खाणावळवालीने मोठे पातेले विकले, याचा अर्थ वाण्याला बरोबर कळला. खाणावळ आता पुन्हा सुरू होणार नाही. त्याने उधारी बंद केली.

तिसऱ्या दिवशी ती आई बालवाडीच्या दारात आली. ओरडली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, पोर बोललं त्यात त्याची चूक नाही. ते तुम्हाला आईसारखं समजून बोललं. तुम्ही कशाला बोललात?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

त्यानंतर तो मुलगा गप्पांच्या तासाला गप्प बसू लागला. "काय रे, आज काय सांगणार?" म्हटले, की म्हणायचा, "काही नाही." पुढे एकदा तो वाकडा वाकडा बसत होता. तीन दिवस विचारले. "काही नाही." शेवटी सदरा वर केला तर पाठीवर हे एवढे गळू. ठणकत असणार. पण घरातले बाहेर बोलायचे नाही, असे त्याला बजावलेले. गळूसुद्धा त्याला घरातलेच वाटले. मी त्याला दवाखान्यात नेले. आईची माफी मागितली. ती नुसती "बरं" म्हणाली. दिवाळीआधी ते बिऱ्हाड गावी गेले. परत आले नाही.

आता थोडे मागे जाते.

'बालवाडी' आणि 'अंगणवाडी' हे दोन्ही शब्द आपल्याला ताराबाई मोडकांनी दिले. त्यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले. पुढे १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. वस्तीतली गरीब मुले बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ साली २ ऑक्टोबरला सुरू झाली, पण शब्द आधीचा.

मला तो शब्द फार आवडतो. बाई अंगणात येते. अंगणापुढे ओटी असते, मग माजघर, मग देवघर. अंगणात आलेल्या माणसाने माजघरात शिरायचे तर घरच्यांनी 'या' म्हणावे लागते. मुंबईत आपल्याला अंगण नाही, गॅलरी आहे. पण रीत तीच.

घरोघर जाऊन माहिती विचारूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. १९२१-२२ च्या सुमारास सरकारने डॉक्टर बार्न्स नावाच्या बाईंना मुंबईतल्या गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी करायला नेमले होते. आया कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची गोळी देतात, म्हणजे मूल दिवसभर झोपून राहील, हे तेव्हा कागदावर आले. कोणती आई हौसेने अफू देईल? पण मूल ठेवायला जागा नव्हती आणि रजा घेतली तर रोज बुडायचा. अशा चौकश्यांतून बाळंतिणींची दशा लोकांपुढे आली. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहणारे डॉक्टर आंबेडकर १९२८ साली कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याच्या बाजूने बोलले. १९२९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. म्हणजे माहिती दिल्याने बायकांचे भले झाले. पण त्यासाठी कोणा एका आईचे नाव चव्हाट्यावर आणायची गरज नव्हती. किती आया, किती मुले, कशामुळे, एवढे कळले तरी काम होत होते. माहिती कशासाठी घेता आणि त्यात नाव कशाला हवे, हे दोन प्रश्न तेव्हाही खरे होते. आजही आहेत.

आज काय होते? पूर्वी वही होती. वही कपाटात राही. वाईटात वाईट म्हणजे नळापर्यंत बातमी जाई. आता फोन आहे. बाई मुलांचा फोटो काढते आणि व्हॉट्सॲपच्या गटात टाकते. गटातले कोणीतरी तो पुढे पाठवते. एखादी संस्था खिचडी खाणाऱ्या मुलाचा फोटो छापते आणि खाली लिहिते, 'गरीब वस्तीतील बालक'. ते मूल उद्या कॉलेजात जाईल. तेव्हाही तो फोटो कुठेतरी असेल. नाकाला शेंबूड असलेला माझा फोटो कोणी असा छापला असता तर मला आवडले नसते. तुम्हालाही नाही.

आणि ही नुसती लाजेची गोष्ट नाही. नवऱ्याच्या माराला कंटाळून एखादी बाई मुलाला घेऊन दुसरीकडे राहते. फोटोत मूल आहे, मागे बालवाडीच्या नावाचा फलक आहे. शोधणाऱ्याला पत्ता मिळाला की नाही?

सरकारी अंगणवाडीतही फोन आला आहे. पोषण ट्रॅकर नावाचे ॲप २०२१ साली सुरू झाले. त्यात मुलाचे वजन, उंची, आईची माहिती भरतात. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या पुष्कळ अंगणवाडी सेविकांनी सरकारचे फोन परत केले. फोन निकृष्ट आहेत आणि ॲपमध्ये मराठी नाही, अशी त्यांची तक्रार होती. बघा, ज्या बाईने तुमची माहिती भरायची तिलाच ते वाचायला अडचण! २०२५ च्या जुलैपासून घरी न्यायचा आहार देताना चेहरा ओळखण्याची रीतही आली आहे. आता इथे तुम्ही 'नाही' कसे म्हणणार? आहार तर हवा. माझे मत विचाराल तर, समोर ताट ठेवून घेतलेला होकार हा खरा होकार नव्हे. पण म्हणून आहार सोडू नका. घ्या, आणि विचारा. माझा फोटो कुठे राहतो? कोण बघतो? चेहरा जुळला नाही तर आहार कसा मिळेल? एकटीने विचारायला जीव घाबरतो. दोघी-तिघी मिळून जा. सेविकेवर डाफरू नका. तिचाही जीव मेटाकुटीला आलेला असतो.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. प्रत्येकाचा म्हणजे बंगल्यातल्याचा आणि चाळीतल्याचाही. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आधारविषयी निकाल झाला. मुलाचे आधार काढायला आईबापाची संमती हवी, शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही, आणि आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. मग २०२३ साली संसदेने यंत्रात भरलेल्या माहितीविषयी कायदा केला. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर आईबापाची संमती घ्यावी, ती खरोखर आईबापाचीच आहे याची खात्री करावी, असे त्यात आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू व्हायचा आहे. शाळा आणि पाळणाघरांना काही कामांपुरती सवलतही आहे. पण त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या फार कामाच्या. एक, संमतीचा मजकूर आपल्या भाषेत मागता येतो, म्हणजे मराठीत. दुसरी, दिलेली संमती परत घेता येते.

आता बाईला काय सांगायचे आणि काय नाही? मुलाला फिट येते का, कशाचे खाणे सोसत नाही, कोणत्या लसी झाल्या, त्याला न्यायला कोण येणार आणि कोणाच्या हाती अजिबात द्यायचे नाही, हे आपण होऊन सांगा. लपवू नका. घरात बाळ झाले, आजी वारली, तेही सांगा. मूल उगाच रडत असेल तर बाईला कारण कळते. पण नवरा किती कमावतो, पितो का, घरभाडे थकले का, अमुक आजार कोणाला आहे, हे कोणी विचारले तर शांतपणे म्हणा, "हे कशासाठी लागतं?" सवलतीसाठी उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला लागत असेल तर जरूर द्या. पण तो कोणापुढे मोठ्याने वाचू नका म्हणावे.

एका बाबतीत मात्र गुप्तता नाही. मुलाला कोणी मारत असेल, नको तिथे हात लावत असेल, तर तो घरचा मामला राहत नाही. लैंगिक अत्याचार ठाऊक झाला की पोलिसांना कळवणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ या क्रमांकावरही फोन करता येतो. तिथे "घरातलं बाहेर बोलू नको" असे मुलाला कधी शिकवू नका. मी त्या गळूची गोष्ट सांगितली ती याचसाठी.

एक बाई मघाशी विचारत होत्या, "इतके प्रश्न विचारले तर बालवाडीवाले मुलाला घेणार नाहीत." कोणी कपाळाला आठ्या घालेल, हे खरे. माझ्याही पडायच्या. पण जी आई विचारते तिच्या मुलाच्या बाबतीत मी जपून वागायचे, हेही खरे. आणि 'हो' म्हणायला हरकत नसेल तिथे आनंदाने 'हो' म्हणा. गणपतीत मुलांनी नाच केला, त्याचा फोटो वर्गात लावायचा असेल तर लावू द्या. फोटो वर्गात लावणे आणि वर्तमानपत्रात देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्मवर दोन्ही एकाच ओळीत असतील तर एकीखाली रेघ मारा, बाजूला 'नाही' लिहा आणि मग सही करा. रेघ मारल्याने फॉर्म फाटत नाही.

पुढच्या मंगळवारी ज्यांच्याकडे फॉर्म आला असेल त्यांनी तो घेऊन या. सही करून आणू नका, कोराच आणा. आपण तो ओळीओळीने वाचू. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांनी चष्मा विसरू नये. मागच्या खेपेला तिघी विसरल्या होत्या, आणि माझा एकच चष्मा चौघींत फिरला.