मुळावरच्या गाठी
(खरिपाच्या तोंडावर झालेल्या प्रभागसंघाच्या बैठकीतील भाषण)



जंतू म्हटलं की आपल्याला हगवण आठवते. पण रोज रात्री दुधाला विरजण लावतो, तेव्हा काय घालतो आपण? जंतूच की! इडलीचं पीठ फुगवणारे तेच, शेणाचा गॅस करणारेही तेच. आज मात्र एकाच जातीबद्दल बोलते, कारण पेरणी जवळ आली.

सोयाबीन, तूर, मूग, उडीद यांच्या मुळांवर गाठी असतात. काही जणी त्याला रोग समजतात. रोग नाही तो. त्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. हवेत 78 टक्के नत्र असतं, पण झाडाला ते थेट घेता येत नाही. हे जिवाणू ते पकडून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं. 1888 साली हॉलंडच्या बायेरिंक यांनी हे जिवाणू गाठीतून वेगळे काढले. आता त्यांची पाकिटं मिळतात. गटातून कर्ज उचलून युरिया आणायचा आणि या पिकांवर ओतायचा, हे मला पटत नाही. जास्त युरिया पडला की गाठी कमीच धरतात.

10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम पाकीट पुरतं. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करा, त्यात कालवून बियाण्याला लावा. सोयाबीनचं साल फार नाजूक, पाणी अगदी बेताचं घ्या आणि हलक्या हातानं चोळा. मग सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी.

पाकीट घेताना मुदत वाचा. सोयाबीनचं वेगळं, तुरीचं वेगळं, हेही बघून घ्या. दुकानात ते उन्हात पडलेलं असेल तर घेऊच नका. आत जीव आहे, मेला तर आपण नुसती माती विकत घेतली म्हणायची.

पीक फुलोऱ्यावर आलं की एक-दोन झाडं खुरप्यानं मातीसकट काढा. उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. गाठ नखानं फोडा. आत गुलाबी दिसली तर जिवाणू कामाला लागलेत. पांढरी किंवा हिरवट दिसली तर नाही.

आता प्रत्येक ग्रामसंघानं किती किलो बियाणं आहे ते लिहून द्या, म्हणजे पाकिटं एकत्र आणता येतील.