बालवाडीच्या बाई परदेशी जातात तेव्हा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळाने क्लब हाऊसमध्ये ठेवलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



मंडळाने मला हा विषय का दिला ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या सोसायटीत असा मजला सापडणे कठीण की जिथून कोणी परदेशी गेलेले नाही. नोकरी बहुधा मुलाची किंवा जावयाची असते. सोबत सून जाते, लेक जाते. तिने इथे आठ-दहा वर्षे बालवाडीत शिकवलेले असते, पालक तिला रस्त्यात थांबवून नमस्कार करत असतात. तिकडे गेल्यावर घर लावण्यात काही महिने जातात, आणि मग प्रश्न उभा राहतो, ‘आता माझं काय?’ आज त्या मुलीसाठीच बोलायचे आहे. मी सिडनीत नऊ वर्षे हे काम केले, त्यामुळे ऑस्ट्रेलियापुरतेच सांगते. बाकी देशांचे नियम निराळे आहेत.

आधी तिथली रचना समजून घ्या. शाळेत जाण्यापूर्वीच्या मुलांचे सांभाळणे आणि शिकवणे तिथे एकाच छपराखाली चालते. २०१२ पासून देशभर एक समान गुणवत्ता चौकट लागू आहे. तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला सगळे ‘असेक्वा’ म्हणतात. किती मुलांमागे किती माणसे हवीत हे कायद्याने ठरलेले आहे. दोन वर्षांखालील चार बाळांमागे एक शिक्षिका. सिडनी ज्या न्यू साउथ वेल्स राज्यात आहे तिथे दोन ते तीन वर्षांच्या पाच मुलांमागे एक, आणि त्याहून मोठ्या दहा मुलांमागे एक. इथे तीस-पस्तीस मुलांचा वर्ग एकटीने सांभाळलेल्या बाईंना हे ऐकून हसू येते. पण याच नियमामुळे तिथे माणसे सतत लागतात आणि नव्या बाईला दार उघडे मिळते.

या कामात तीन पायऱ्या आहेत. पहिली ‘सर्टिफिकेट थ्री’, दुसरी डिप्लोमा आणि तिसरी पदवीधर शिक्षिका. तिसऱ्या पायरीसाठी लहान वयोगटावरची पदवी लागते आणि त्या शिक्षणात त्याच वयाच्या मुलांबरोबर प्रत्यक्ष काम केलेले असावे लागते. आपल्याकडची बी.एड. बहुधा मोठ्या मुलांसाठीची असते, म्हणून ‘माझं बी.एड. आहे’ एवढ्यावर भागत नाही. मॉन्टेसरीचा किंवा बालवाडीचा एका वर्षाचा कोर्स केलेला असेल तर त्याची गणती कुठे होते ते असेक्वाकडे अर्ज करून ठरवून घ्यावे लागते. ओळखीच्या कोणीतरी सांगितले म्हणून फी भरून नवा कोर्स सुरू करू नका, आधी हा अर्ज करा.

अर्जासाठी कागद लागतात, आणि ते इथूनच न्यायचे. विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट, कोर्सचा सविस्तर अभ्यासक्रम, प्रात्यक्षिकाचे तास लिहिलेले पत्र. अनुभवाच्या दाखल्यात नुसते ‘यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले’ एवढे पुरत नाही. कोणत्या वयाची मुले होती, आठवड्याचे किती तास, काय काय काम केले, सगळे लिहून घ्या. पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारे पोलीस क्लिअरन्सही इथे असतानाच काढणे सोपे.

आणि आता आपल्या मराठी बायकांची खास अडचण. मार्कशीटवर माहेरचे नाव, मधे वडिलांचे. पासपोर्टवर सासरचे नाव, मधे नवऱ्याचे. शाळेच्या दाखल्यावर तिसरेच स्पेलिंग! आपल्याला त्यात काही वाटत नाही, पण तिथल्या टेबलावर त्या तीन वेगवेगळ्या बायका असतात. विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदलल्याचे गॅझेट सोबत ठेवा.

व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर असेल तर आपल्याला काम करायची मुभा आहे का, असल्यास किती तास, हे व्हिसाच्या अटींत लिहिलेले असते आणि सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. निघण्यापूर्वीच तपासा.

तिथे पोचल्यावर पहिले काम म्हणजे मुलांबरोबर काम करण्यासाठीची सरकारी पडताळणी. ती झाल्याशिवाय कोणी दारात उभे करत नाही. मग प्रथमोपचाराचे प्रशिक्षण. त्यात दमा आणि जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी कशी हाताळायची ते शिकवतात. बालसंरक्षणाचे प्रशिक्षणही घ्यावे लागते, कारण मुलावर अत्याचार होत असल्याची रास्त शंका आली तर ती कळवणे शिक्षिकेवर कायद्याने बंधनकारक आहे.

पदवीची मान्यता मिळाली नाही तर सर्टिफिकेट थ्री करावे. त्यात १६० तास प्रत्यक्ष केंद्रात काम असते. पुढे डिप्लोमा करायचा तर त्यात २८० तास. हे तास फुकट गेले असे समजू नका. पुष्कळ जणींना पहिली नोकरी तिथेच मिळते, कारण त्या केंद्राने तुम्हाला मुलांमध्ये वावरताना पाहिलेले असते. दुसरा रस्ता ‘कॅज्युअल’ कामाचा. सकाळी सहाला फोन येतो, ‘आज येता का?’ तासाचा दर थोडा जास्त असतो, पण पगारी रजा नाही आणि उद्याची खात्रीही नाही.

आता पैशाचे बोलते, कारण ते कोणी बोलत नाही. आपले स्वतःचे मूल लहान असेल तर आपण कामावर असताना त्याला कुठे ठेवायचे? तिथली पाळणाघराची फी दिवसाच्या हिशेबाने असते आणि ती भारी असते. सरकारी सवलत आहे, पण तात्पुरत्या व्हिसावरच्या कुटुंबाला ती साधारणपणे मिळत नाही. म्हणजे दुसऱ्यांची मुले सांभाळून मिळालेला पगार आपले मूल सांभाळायला द्यायचा. काही जणी म्हणतात, अनुभव मिळतो, पुढचा रस्ता खुला होतो, दोन वर्षे सोसू. काही जणी मूल शाळेत जाईपर्यंत थांबतात. दोन्ही बरोबरच. फक्त हा हिशेब नवरा-बायकोने कागदावर मांडून करावा, तिच्या एकटीच्या डोक्यात राहू नये.

प्रत्यक्ष कामाचे सांगायचे तर पहिला धक्का बसतो तो पाटी-पेन्सिल नसल्याचा. गृहपाठ नाही, ओळीने बसवणे नाही. मूल वाळूत, चिखलात खेळते आणि आपण त्याच्या उंचीला बसून त्याच्याशी बोलायचे, ते काय शिकले ते लिहून ठेवायचे. घास भरवायची आपली सवय, तिथे दीड वर्षाचे पोर स्वतः जेवते, अर्धे अंगावर सांडते, आणि आपण थांबायचे. उन्हात टोपीशिवाय सोडायचे नाही. कौतुकाने शेंगदाण्याचे लाडू न्यायचे नाहीत, अ‍ॅलर्जीमुळे बहुतेक केंद्रांत दाणे चालतच नाहीत.

पण मैत्रिणींनो, हे आपल्याला अगदी परके आहे का? ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला तो मुलाला मोकळेपणाने शिकू द्या, हेच सांगण्यासाठी. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच केले. पोरे शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शिंपले, बिया, पाने हीच साधने. मुलाखतीत ‘तुमची शिकवण्याची पद्धत काय?’ असे विचारतात तेव्हा हे सांगा. तोडक्या इंग्रजीत सांगितले तरी चालेल, समोरच्याला कळते.

शेवटचा मुद्दा सासरच्या-माहेरच्या मंडळींसाठी. पहिल्या पायरीवरच्या बाईला लंगोट बदलावे लागतात, टेबले पुसावी लागतात, मुले झोपली की खेळणी धुवावी लागतात. तिथे डिप्लोमावाल्या आणि पदवीधर बाईही हेच करतात. इथे फोनवर एखादी मावशी म्हणते, ‘एवढं शिकून आयाचं काम करतेस?’ दिवसभर उभी राहून घरी आलेल्या मुलीला ते वाक्य फार लागते. आई सोडून पहिल्यांदा परक्या घरी आलेले बाळ जिच्या खांद्यावर शांत होते, ती शिक्षिकाच असते. तिला फोन कराल तेव्हा ‘आज मुलांनी काय केलं?’ एवढे विचारा. ती अर्धा तास बोलेल.

नियम आणि फी बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर खात्री करून घ्या. कागद कसे लावायचे ते पाहायचे असेल तर मी संध्याकाळी पाचनंतर घरीच असते, फाइल घेऊन निःसंकोच या.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण झाली, कार्यकारिणीचे आणि सर्व सभासदांचे मनापासून अभिनंदन.