देणगीचे साहित्य आणि शाळेची तासिका

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उत्तर प्रदेश औद्योगिक क्षेत्र विकास अधिनियमानुसार १७ एप्रिल १९७६ रोजी नवीन ओखला औद्योगिक विकास प्राधिकरणाची स्थापना झाली आणि त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून दिल्लीच्या सीमेवरील या नगराला नोएडा हे नाव मिळाले. त्याच वर्षी संमत झालेल्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला. सार्वजनिक आरोग्य मात्र राज्यसूचीच्या ६ व्या नोंदीत आणि क्रीडा ३३ व्या नोंदीतच राहिली. शाळेच्या वेळापत्रकात ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ अशी एकच तासिका दिसते. राज्यघटनेत तिची वाटणी दोन सूच्यांत आणि तीन नोंदींत झालेली आहे. तीन खात्यांच्या शिवेवर वसलेल्या या विषयाला अंदाजपत्रकात हक्काचे घर क्वचितच मिळते. त्याच्या साहित्याची गरज अनेक ठिकाणी देणगीतून भागवावी लागते, याचे एक कारण येथे सापडते.

नोएडात ही गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. सॉफ्टवेअर आणि इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांचे हे केंद्र ज्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात आहे, तेथे २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन मोटारशर्यतीही झाल्या. परंतु याच नगराच्या सेक्टरांमध्ये हरोला, निठारी, भंगेल, सर्फाबाद यांसारखी जुनी गावे सामावलेली आहेत आणि तेथील परिषदीय शाळांत कारखान्यांत, बांधकामांवर व घरकामांत राबणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांची मुले मोठ्या संख्येने शिकतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-थ (क्यू) मधील परंतुकानुसार औद्योगिक नगरीत नगरपालिका स्थापन न करण्याची मुभा राज्यांना आहे. नोएडाचा कारभार या तरतुदीखाली चालत आला. तेथे निर्वाचित महानगरपालिका नाही आणि हद्दीतील गावांच्या ग्रामपंचायतीही उरलेल्या नाहीत. उत्तर प्रदेशात २०१८ पासून ‘ऑपरेशन कायाकल्प’ या मोहिमेत ग्रामपंचायतींच्या निधीतून शाळांच्या भौतिक सुविधा सुधारण्यात आल्या. जेथे ग्रामपंचायतच नाही, तेथील शाळेला प्राधिकरणाकडे आणि आसपासच्या कंपन्यांकडे पाहणे भाग पडते.

कंपन्यांच्या बाजूने पाहता कायद्याने ही वाट रुंद केली आहे. कंपनी अधिनियम, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ५०० कोटी रुपयांची निव्वळ मत्ता, १,००० कोटी रुपयांची उलाढाल किंवा ५ कोटी रुपयांचा निव्वळ नफा यांपैकी एक जरी मर्यादा गाठली, तरी कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करावी, अशी ही तरतूद आहे. सातव्या अनुसूचीत शिक्षण, आरोग्य आणि क्रीडाप्रशिक्षण हे तिन्ही विषय समाविष्ट आहेत. म्हणजे राज्यघटनेत विभागले गेलेले विषय येथे एका छताखाली येतात. नोएडात मुख्यालय असलेल्या एचसीएल समूहाचे प्रतिष्ठान २०११ पासून कार्यरत आहे व क्रीडा हा त्याच्या कार्यक्रमांचा एक स्वतंत्र भाग आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने ‘विद्यांजली’ उपक्रमाची दुसरी आवृत्ती सुरू केली. तीत शाळेने आपली गरज नोंदवावी आणि नागरिकाने वा संस्थेने सेवा किंवा साहित्य देऊन ती पूर्ण करावी, अशी योजना आहे.

चेंडूचा हिशोब

देणगीच्या साहित्याने तासिका समृद्ध होते म्हणजे नेमके काय होते, हे पाहण्यासाठी एक साधा हिशोब पुरेसा आहे. वर्गात ४० मुले, तासिका ३५ मिनिटांची आणि चेंडू एक, अशी स्थिती कल्पावी. चेंडू सर्वांच्या हाती सारखाच फिरला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ५२ सेकंद येतात. प्रत्यक्षात तो सारखा फिरत नाही. टंचाई असली की वाटप बळाने होते. थोराड मुले मैदानाच्या मध्यभागी आणि मुली, किरकोळ अंगाची मुले, नव्याने दाखल झालेली मुले कडेला, हे दृश्य कोणत्याही शाळेत दिसू शकते. चेंडूंची संख्या १० झाली की एका चेंडूमागे चारच मुले उरतात आणि प्रत्येकाला पावणेनऊ मिनिटे मिळतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रांगच नाहीशी होते व कडेला उभे राहण्याचे कारण उरत नाही. चेंडू दहाचे चाळीस केल्यास मात्र लाभ त्या प्रमाणात वाढत नाही, कारण मैदान तेवढेच राहते. घटत्या सीमांत उत्पादनाचा नियम पाठ्यपुस्तकात शेतजमिनीच्या उदाहरणाने शिकवला जातो. शाळेच्या अंगणातही तो तितकाच लागू पडतो.

शासकीय तरतूद यासाठी पुरेशी नाही काय, असा प्रश्न साहजिक आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक वर्गाला आवश्यकतेनुसार खेळाचे साहित्य पुरवावे असे म्हटले आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपये, उच्च प्राथमिक शाळेला १०,००० रुपये आणि माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना २५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. २०० पटाच्या प्राथमिक शाळेत हे अनुदान दर मुलामागे वर्षाला २५ रुपये पडते. एवढ्यात एक-दोन खेळांची सोय होईल. चाळीस मुलांना एकाच वेळी खेळते ठेवणे कठीण. देणगीची गरज खरी आहे ती इथे.

कुलूपबंद कपाट

अर्थशास्त्रात साठा आणि प्रवाह यांत भेद केला जातो. साहित्य हा साठा आहे, तासिका हा प्रवाह. साठा वाढला म्हणून प्रवाह आपोआप वाढत नाही. या संदर्भात भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सादर झालेला अहवाल अभ्यासकांनी मुळातून वाचावा. स्वच्छ विद्यालय अभियानात केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांनी देशभरातील शाळांत स्वच्छतागृहे बांधून दिली होती. लेखापरीक्षकांनी नमुन्यादाखल केलेल्या पाहणीत बांधकाम झालेली २,३२६ स्वच्छतागृहे आढळली आणि त्यांपैकी ६९१, म्हणजे सुमारे ३० टक्के, वापरात नव्हती. पाण्याचा अभाव, सफाईची व्यवस्था नसणे आणि मोडतोड ही त्यामागची प्रमुख कारणे होती. भांडवली खर्च झाला, आवर्ती खर्चाची जबाबदारी मात्र कोणी घेतली नाही. स्वच्छतागृहाच्या बाबतीत हा दोष निदान डोळ्यांना दिसतो. खेळाच्या साहित्याचे तसे नसते. ते कपाटात राहते, कपाटाला कुलूप असते आणि कागदोपत्री सर्व सुरक्षित असते.

कुलूप लावणाऱ्या मुख्याध्यापकांना दोष देण्यापूर्वी त्यांची अडचण समजून घ्यायला हवी. शाळेत आलेली टिकाऊ वस्तू साठ्याच्या नोंदवहीत चढते. महाराष्ट्रातील शाळांत हिला जडसंग्रह नोंदवही म्हणतात. हे नाव फार बोलके आहे. एकदा नोंद झाली की ती वस्तू तपासणीच्या वेळी हजर असावी लागते. तुटलेली बॅट वा फाटलेले जाळे नोंदीतून कमी करायचे, तर निर्लेखनाची रीतसर कार्यवाही करावी लागते. न वापरलेल्या वस्तूबद्दल कोणी जाब विचारत नाही, तुटलेल्या वस्तूबद्दल मात्र विचारतात. अशा नियमांखाली कोणताही शहाणा माणूस कुलूपच लावील. खेळाचे साहित्य झिजण्यासाठीच असते. चेंडू, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या, जाळी, शटल या वस्तू खडूप्रमाणे उपभोग्य मानल्या गेल्या आणि दात्याने आपल्या पत्रातच त्या झिजतील असे गृहीत धरून दोन वर्षांनी पुन्हा भरण्याची तयारी दाखवली, तर कुलपाची गरज बरीच कमी होईल. फलकावर नाव कोरण्यापेक्षा हे स्वस्त आहे, पण त्याचे छायाचित्र निघत नाही!

साहित्यामागे माणूसही लागतो. शिक्षण हक्क अधिनियमाने सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून अधिक मुले असलेल्या शाळेसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक विहित केला. त्याहून लहान शाळा आणि पाचवीपर्यंतच्या शाळा या तरतुदीबाहेर राहतात; तेथे हा विषय वर्गशिक्षकाच्याच हाती असतो. अशा शिक्षकासाठी दात्याने दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले, तर त्याच पैशातील साहित्याला कितीतरी अधिक मोल येते. हे पूरक वस्तूंचे तत्त्व आहे: शाई नसेल तर लेखणी निरुपयोगी.

वजनकाटा आणि दृष्टितक्ता

आरोग्याच्या तासिकेत साहित्याचा परिणाम अधिक चटकन दिसतो आणि तेथे खर्चही थोडा लागतो. वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी, ६ मीटरवरून वाचायचा दृष्टितक्ता, तापमापक, प्रथमोपचार पेटी, थांबघड्याळ एवढ्या सामग्रीवर वर्षभराचा अभ्यासक्रम चालू शकतो. मुलांनी स्वतःचे वजन व उंची मोजावी, आलेख काढावा, तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. यात आरोग्याबरोबर गणितही येते. खेलो इंडियाच्या शालेय क्षमता चाचण्यांत चौथीपासून पुढच्या मुलांसाठी ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, बसून पुढे वाकणे इत्यादी बाबी मोजल्या जातात. त्यांना मोजपट्टी आणि घड्याळ यांपलीकडे फारसे काही लागत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. त्यानुसार फिरते वैद्यकीय पथक शाळेत वर्षातून एकदा येते. मधल्या बारा महिन्यांत फळ्यावरचे अक्षर न दिसणाऱ्या मुलाला ‘ढ’ ठरवले जाण्याची शक्यता मोठी असते. एखाद्या देणगीतील दृष्टितक्ता आणि तो वापरता येणारा शिक्षक हा धोका कमी करतात. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षित करण्याची कल्पना आहे. देणगी त्यांच्या हाती पडावी, हे उत्तम. अर्थात, दोष सापडल्यावर मुलाला रुग्णालयापर्यंत नेण्याची आणि चष्मा मिळवून देण्याची व्यवस्था नसेल, तर तपासणीतून केवळ पालकांची चिंता वाढेल.

काय द्यावे, केव्हा द्यावे

दात्याची आवड आणि घेणाऱ्याची गरज यांत अंतर पडणे हा वस्तुरूप देणगीचा मूळ दोष आहे. रोख रक्कम घेणाऱ्याला निवड देते, वस्तू देत नाही. क्रिकेटचा संच दात्यांना आवडतो. पण क्रिकेटमध्ये एका वेळी दोघे फलंदाजी करतात, एक गोलंदाजी करतो आणि बाकीचे चेंडू येण्याची वाट पाहतात. खो-खोला दोन खांब आणि चुन्याच्या रेषा पुरतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले आणि त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचे होते. लेझीमचेही असेच: पन्नास मुले एकाच वेळी हलतात, ताल शिकतात, आणि लेझीम सहसा तुटत नाही.

नोएडाला एक सोय अनायासे लाभली आहे. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी जालंधर व मेरठ येथे क्रीडासाहित्याचा उद्योग उभा केला, आणि मेरठ नोएडापासून फार दूर नाही. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत उत्तर प्रदेशाने मेरठसाठी क्रीडासाहित्याचीच निवड केली आहे. जाळे विणून घेणे, बॅटची मूठ बदलणे, चेंडू शिवून घेणे ही दुरुस्ती जवळच होऊ शकत असताना नवी वस्तू येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. दुरुस्तीसाठी वर्षाला दोन-तीन हजार रुपये देणारा दाता मात्र शोधावा लागतो.

काळाचाही विचार हवा. कंपन्यांचे खर्च मार्चअखेरीस पूर्ण होण्याकडे ओढा असतो. त्या सुमारास शाळेत परीक्षा असतात आणि १ एप्रिलला नवे सत्र उघडते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात याला आणखी एक पदर आहे. २०१७ मध्ये अधिसूचित झालेल्या श्रेणीबद्ध प्रतिसाद कृती योजनेखाली हिवाळ्यात हवा अतिशय दूषित झाली की निर्बंध लागू होतात, वर्गही बंद ठेवावे लागतात. मैदानावरचा व्यायाम तर त्याआधीच थांबवावा लागतो. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात मैदानी साहित्य निरुपयोगी ठरते व योगासनांच्या चटया, कॅरम, बुद्धिबळ यांची गरज भासते. मुंबई-पुण्याच्या अनुभवावरून ठरवलेला साहित्यसंच येथे जसाच्या तसा चालणार नाही.

गरज ओळखून देण्याची शिस्त जवळच पाहायला मिळते. १९९९ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या ‘गूंज’ या संस्थेने शहरातील शाळांचे वापरलेले साहित्य निवडून, नीट करून, ग्रामीण शाळांकडे पोहोचवण्याचा उपक्रम चालवला. घेणाऱ्याला याचक न मानण्याची तिची रीत अनुकरणीय आहे. संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

एक विषमता मात्र या साऱ्यातून सुटत नाही. कलम १३५ स्थानिक क्षेत्राला प्राधान्य देण्यास सांगते. केंद्र शासनाने २०२१ मध्ये हे प्राधान्य बंधनकारक नसल्याचा खुलासा केला, तरी पैसा मुख्यालयाभोवतीच घुटमळतो. राज्यनिहाय खर्चात महाराष्ट्र सातत्याने आघाडीवर आहे, परंतु त्याच राज्यातील गडचिरोली, नंदुरबार, वाशिम व धाराशिव हे जिल्हे २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेले. नोएडातील शाळेला निदान उंबऱ्याबाहेर कंपनी आहे. धडगावच्या शाळेला ती नाही, आणि तिच्यासाठी राज्याच्या अनुदानाला पर्याय नाही.

साहित्य आल्यानंतर त्यावर लक्ष कोणी ठेवायचे, याचे उत्तर कायद्यात आहे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. शासन, स्थानिक प्राधिकरण ‘किंवा अन्य कोणत्याही स्रोताकडून’ मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख हे समितीचे काम आहे. देणगीही याच शब्दांत बसावी. कोणती वस्तू कोणत्या तासिकेत वापरली जाते, काय तुटले, काय दुरुस्तीला गेले, हे समितीने दर महिन्याला विचारावे आणि निर्लेखनाच्या ठरावावर सह्या कराव्यात. ग्रामपंचायत नसलेल्या नोएडाच्या गावांत शाळेच्या कारभारात पालकांना कायद्याने दिलेली जागा हीच आहे. मात्र समितीची बैठक कामाच्या दिवशी दुपारी ठेवली, तर रोजंदारी बुडवून पालक येणार नाहीत, आणि साठ्याच्या नोंदवहीवर पुन्हा एकट्या मुख्याध्यापकांचीच सही होईल.