जुन्या ध्वनिवर्धकाचे कंडेन्सर



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा कामगार कायदा असावा. त्यावर आम्ही वर्षभर बोलतच असतो. आज मात्र कंडेन्सरविषयी बोलू द्यावे. या विद्येचे आम्ही पदवीधर नव्हे. जे कळले ते जुन्या पुस्तकांतून, हातांनी काम करून आणि एकदा बसलेल्या सणसणीत धक्क्याने कळले.

आमच्या युनियनच्या कचेरीत माळ्यावर एक ध्वनिवर्धक पडून होता. १९८२ च्या गिरणी संपापर्यंत सभागृहातल्या सभा त्याच्यावर होत; पुढे त्याच्यावर पावतीपुस्तकांचे गठ्ठे चढले. गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात मलार्ड कंपनीने ‘फाइव्ह-टेन’ नावाचा आराखडा छापला होता. पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट, म्हणून हे नाव. त्यावरून कोणा कारागिराने हा जोडलेला. ईएफ ८६, ईसीसी ८३, दोन ईएल ८४ आणि विजेचे एसीचे डीसी करणारा ईझेड ८१, सगळे जागच्या जागी होते. एक मे जवळ आला होता. आम्ही धूळ झटकली, वायर लावली आणि बटण दाबले.

हीच आमची चूक. मिनिटभर नुसती घुमघुम ऐकू आली, मग एका ईएल ८४ च्या पोटातला पत्रा तांबडा लाल झाला, आणि पाठोपाठ ॲल्युमिनियमचा मोठा कंडेन्सर फटाक्यासारखा फुटला. त्याच्यावर वाकून पाहणारा आमचा तरुण कार्यकर्ता चहा घ्यायला क्षणापूर्वीच मागे वळला होता, म्हणून त्याचे डोळे वाचले.

असे का व्हावे? या कंडेन्सरच्या आत ॲल्युमिनियमची वर्खासारखी पट्टी असते आणि तिच्यावर ऑक्साइडची अतिशय पातळ कातडी. वीज अडवते ती ही कातडी. शेजारी ओला रस असतो. यंत्र वर्षानुवर्षे बंद राहिले की कातडी विरते, रस सुकतो. अशा वेळी एकदम पुरा दाब दिला तर वीज आरपार झिरपते, उष्णता आणि वायू तयार होतो, आणि डबा फुटतो.

लाल झालेल्या व्हॉल्व्हचा गुन्हेगार दुसराच होता: कागद आणि मेणाचा, ०.१ मायक्रोफॅरॅडचा एक छोटा कंडेन्सर. त्याने आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायची. तो झिरपू लागला की व्हॉल्व्हच्या ग्रिडवर धन दाब चढतो आणि व्हॉल्व्ह भलताच प्रवाह ओढतो. मोठा डबा बदलल्यावर आम्ही ईएल ८४ उपसून, त्या कंडेन्सरचे पुढचे टोक सोडवून मीटर लावला. काटा शून्यावर हवा. तो वीस व्होल्टांच्या पुढे गेला. मग मेणाचे सगळेच काढले आणि ६३० व्होल्टांचे प्लास्टिक फिल्मचे घातले. चांदीचा लेप दिलेल्या अभ्रकाचे मात्र हलवले नाहीत. ते सहसा बिघडत नाहीत. (कोडरमा-गिरिडीहच्या पट्ट्यात त्या अभ्रकाचे पापुद्रे बायकापोरांनी हातांनी सोडवले आहेत, तेही एक व्याख्यान होईल.)

आता बाजाराकडे. डब्यावर ५० अधिक ५०, ४५० व्होल्ट असे होते. कोणते टोक कोणत्या भागाचे हे त्रिकोण-चौकोनाच्या खुणांनी दाखवलेले. असा जोडडबा लॅमिंग्टन रोडवर मिळेना. एकाने जपून ठेवलेला ‘अस्सल जुना माल’ काढून दिला. आम्ही तो घेतला नाही. न वापरलेला डबाही फळीवर म्हातारा होतो. दुसऱ्याने सांगितले, “साहेब, २२० घ्या, घुमघुम समूळ जाईल.” सल्ला प्रेमाचा, पण घातक. ईझेड ८१ च्या लगेच पुढे पन्नास मायक्रोफॅरॅडपेक्षा मोठा कंडेन्सर चालत नाही. भरताना तो इतका प्रवाह खेचतो की व्हॉल्व्हच मरतो. हल्ली ५० सहसा मिळत नाही, ४७ मिळतो. तसेच ८ च्या जागी १०, १६ च्या जागी २२, ३२ च्या जागी ३३. जुन्या काळी छापलेल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष माल पुष्कळ कमीजास्त असे, तेव्हा एवढ्याने बिघडत नाही.

व्होल्टांच्या बाबतीत मात्र काटकसर नको. ट्रान्सफॉर्मरचे फेरे ३०० व्होल्टांचे. बाकीचे व्हॉल्व्ह प्रवाह ओढू लागेपर्यंत दाब त्याच्या १.४१४ पट, म्हणजे ४२४ पर्यंत चढू शकतो. ३५० चा घेतला तर पुन्हा फटाका. आम्ही ४७ चे दोन, ४५० व्होल्टांचे, १०५ अंशांचे घेऊन पत्र्याच्या खाली बसवले. ८५ अंशांचे स्वस्त पडतात, पण व्हॉल्व्हच्या पेटीत उकाडा फार, आणि दर दहा अंशांमागे आयुष्य साधारण निम्मे होते. रिकामा डबा शोभेला वर ठेवला.

सगळ्यांत महत्त्वाचा कंडेन्सर सगळ्यांत क्षुल्लक दिसत होता. घरगुती विजेची तार आणि पत्रा यांच्यामध्ये एक बारकासा तुकडा होता. तो आतून जुळला तर अख्खा पत्रा जिवंत होतो, आणि त्या पत्र्याला माइकचे आवरण जोडलेले. म्हणजे सभेत बोलायला उभ्या राहिलेल्या बाईच्या हातात थेट २३० व्होल्ट! तिथे ‘वाय’ वर्गाचाच हवा. तो फुटला तरी जुळू नये अशा बेताने केलेला असतो. दुकानदार म्हणाला, कोणताही चालेल. आम्ही तीन दुकाने फिरलो. पत्र्याला तिसरी, अर्थिंगची तारही जोडली.

धक्क्याची कथा थोडक्यात. वायर भिंतीतून काढलेली होती, म्हणून आम्ही निर्धास्त हात घातला. कंडेन्सर भरलेलाच होता. आता दहा किलोओहमचा जाड रेझिस्टर टोकांना लावून काही सेकंद थांबतो, मीटरने पाहतो, आणि डावा हात खिशात ठेवतो.

या खेपेला साठ वॅटचा दिवा मालिकेत जोडून वीज दिली. दिवा क्षणभर पेटला आणि मंदावला. घुमघुम कर्ण्याला कान लावल्यावरच ऐकू येत होती. लाल झालेला ईएल ८४ मात्र गेला तो गेला; त्याच्या जागी तूर्त एका मोडक्या रेडिओतला बसवला आहे, आणि जोडीच्या शोधात आम्ही अजून हिंडतो आहोत.