वाजविणे हे बलुते नव्हे

(हरसूल, तालुका त्र्यंबकेश्वर, येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



वकील सभेला आला म्हणजे तो जमिनीवर बोलेल, दाखल्यांवर बोलेल, शिष्यवृत्तीवर बोलेल, अशी आपली अपेक्षा असते. ते विषय महत्त्वाचे आहेतच. तथापि आज मी आपणापुढे गाण्याबजावण्याचा विषय घेऊन उभा आहे. आपली तरुण मुले आता हलगीच्या शेजारी गिटार ठेवून गाऊ लागली आहेत. स्वतः रचलेली गीते ध्वनिमुद्रित करून ती मोबाईलवरून लोकांपुढे ठेवावीत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कार्यक्रम करीत फिरावे, अशी त्यांची उमेद आहे. लोकगीताचा ठेका आणि रॉक संगीताची वाद्ये यांच्या मेळाला हल्ली फोक-रॉक म्हणतात. नावाशी मला कर्तव्य नाही. त्या मुलांच्या हाती कागद कोणता असतो, एवढ्याशीच मला कर्तव्य आहे.

प्रथम वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, "जे वाद्य आम्ही टाकले, ते पोरांनी पुन्हा गळ्यात का अडकवावे?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गावगाड्यात कोठे महाराने, कोठे मांगाने मिरवणुकीपुढे वाजविलेच पाहिजे असा दंडक होता. वाजविणाऱ्याची मर्जी कोणी विचारीत नसे आणि मोबदलाही ठरवून मिळत नसे. बलुते म्हणून पसाभर धान्य किंवा उरलेले अन्न पदरात पडे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, ते जन्माने लादलेल्या अशाच चाकरीविरुद्ध होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक गावांतील आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, तसेच दुसऱ्याच्या दारी वाजविणेही सोडले. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला, बहिष्कारही सोसला. त्यांचा निश्चय योग्यच होता.

परंतु त्यांनी टाकले ते नेमके काय, हे नीट पाहिले पाहिजे. हलगीच्या कातड्यात गुलामी नव्हती. ती सक्तीत होती. वाजवायचे की नाही, कोणापुढे वाजवायचे, किती मोबदल्यावर वाजवायचे, हे ठरविण्याचा अधिकार वाजविणाऱ्याला नव्हता. म्हणून तेच वाद्य आपल्या इच्छेने, आपल्या विचारासाठी, आपल्या अटींवर वाजविणे हे बलुते नव्हे. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे जलसे गावोगाव फिरले. जुनी सोंगे आणि जुने ठेके घेऊनच त्यांनी नवा विचार निरक्षर माणसाच्या कानी घातला. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक यांनी मोठेपणी अक्षरे गिरविली आणि पुढे आयुष्यभर गीते लिहीत आणि गात महाराष्ट्र पालथा घातला. फिरता गायक हा आपल्या चळवळीला नवा नाही. नवे आहे ते गिटार, ध्वनिमुद्रण आणि कंपनीचा करारनामा.

हा प्रयोग अन्यत्र कसा झाला, तेही पाहू. मुंबईत कबीर शाक्य यांनी 'धम्म विंग्ज' या नावाचा बौद्ध रॉक बँड उभा केला. तामिळनाडूत चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड उभारला. त्याचा पहिला कार्यक्रम ६ जानेवारी २०१८ रोजी चेन्नईत झाला. १९ कलावंत एका रंगमंचावर होते. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतील गाना हा गीतप्रकार, रॅप आणि रॉक यांचा तो मेळ होता. आपल्याकडे हलगीवर जसा जातीचा शिक्का बसला, तसाच तिकडे परई या वाद्यावर बसला होता. तेच वाद्य या मुलांनी ताठ मानेने वाजविले. इसैवाणी नावाची मुलगी त्यांच्यात गाना गाते. हा प्रकार बहुतांशी पुरुषांचाच मानला जाई. २०२० साली बीबीसीने जगातील १०० स्त्रियांच्या यादीत तिचे नाव घेतले. बँडचे नावही विचारपूर्वक ठेवलेले आहे. १८९८ साली मद्रासेत शाक्य बौद्ध संघ स्थापणारे पंडित अयोत्ती दास आपल्या लोकांना 'जातिविहीन तमिळ' म्हणवीत, त्यावरून ते घेतले आहे.

आता या कथेचा पुढचा भाग ऐका, कारण त्यासाठीच मी येथे आलो आहे. याच बँडमधील अरिवु या तरुण कवीने 'एन्जॉय एन्जामी' हे गीत लिहिले. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या आपल्या आजीची, भूमिहीन कष्टकऱ्यांची कथा त्याने त्यात ओविली. संगीत संतोष नारायणन् यांचे आणि गायन धी व अरिवु यांचे. मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले हे गीत कोट्यवधी वेळा ऐकले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका संगीतविषयक नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर या गीताच्या यशाचा गौरव झाला, पण त्यावर अरिवुचे चित्र नव्हते. त्यावर जाहीर निषेध झाला. २०२२ साली चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनात हे गीत गायले गेले, तेव्हाही तो मंचावर नव्हता. गीताचे श्रेय कोणाचे, यावर तिन्ही कलावंतांत जाहीर वाद झाला. मार्च २०२४ मध्ये तर संगीतकारानेच जाहीर केले, की या गीतापासून तिघांपैकी कोणालाही तोवर उत्पन्न मिळालेले नाही. यात कोणाची बाजू किती खरी, याचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. आपण एवढाच बोध घ्यावयाचा, की गीत जगभर गेले तरी नाव आणि मोबदला त्याच्यामागे आपोआप चालत येत नाहीत.

तर मग कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द रचणारा शब्दांचा आणि चाल बांधणारा चालीचा पहिला मालक असतो. गीत वहीत उतरविले की हक्क उत्पन्न होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वादात पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आहे. मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी जो अंगावर घेतो तो निर्माता, आणि मुद्रणाचा मालक तोच. म्हणून शक्य असेल तर वर्गणी काढा, पण पहिले मुद्रण आपल्या खर्चाने करा.

गाणाऱ्या आणि वाजविणाऱ्याला मात्र आपल्या कायद्यात फार काळ स्थानच नव्हते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे चित्रपटगीतांच्या हक्काचा खटला आला. त्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला काहीच हक्क नसल्याकडे संसदेचे लक्ष वेधले. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क मान्य झाला. २०१२ च्या दुरुस्तीने तो आणखी बळकट झाला. आज कलावंताचा हक्क ५० वर्षे टिकतो. आपले नाव लावून घेण्याचा आणि आपल्या कलेची विटंबना थांबविण्याचा अधिकारही त्याला आहे. गीतकार आणि संगीतकार यांना तर २०१२ च्या दुरुस्तीने असे संरक्षण दिले आहे, की सर्व हक्क कंपनीला लिहून दिले तरी मानधनातील समान वाटा सोडून देता येत नाही. तसे कलम करारात घातले तरी ते रद्दबातल ठरते.

बाबासाहेबांनी आपणांस शिकण्यास सांगितले. शिक्षणाचा उपयोग सही करण्यापूर्वी कागद वाचण्यासाठी झाला नाही, तर तो कशासाठी? करार हाती आला की पाच गोष्टी पाहा. एक, कोणते गीत आणि त्यातील कोणता हक्क दिला आहे, हे स्पष्ट आहे काय? दोन, किती वर्षांसाठी? मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षेच धरतो. म्हणूनच काही करारांत 'कायमचे' हा शब्द हळूच घातलेला असतो. तीन, कोणत्या प्रदेशासाठी? प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच धरला जातो. चार, मानधन किती, केव्हा आणि कोणत्या हिशेबाने? पाच, आपणांस पगारी नोकर म्हटले आहे काय? नोकरीच्या कामात रचलेल्या गीताचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, मालकच ठरतो. हा एक शब्द संपूर्ण वही गिळू शकतो. आणखी असे, की १८ वर्षांखालील मुलाने केलेला करार कायद्याने निरर्थक असतो, तेव्हा पोराची सही कोणी मागितली तर आईबापांनी सावध व्हावे.

बँडमधील सोबत्यांनी आपापसांतही कागद करावा. आज चौघे मित्र असतात. उद्या गीत चालले की तोच गळा, तीच हलगी आणि तेच गिटार न्यायालयाच्या पायऱ्या चढतात. एकत्र धंदा करणाऱ्यांत काही ठरले नसेल तर १९३२ चा भागीदारीचा कायदा नफा सर्वांत समान वाटतो. ते आपणांस मान्य आहे काय? बँडचे नाव कोणाचे? एक जण सोडून गेला तर जुन्या गीतांचे काय? मुलगी गात असेल तर तिचा वाटा तिच्याच खात्यात जाईल काय? हे प्रश्न प्रेम असतानाच सोडवावेत.

दौऱ्याविषयी थोडके सांगतो. सुपारी घेताना बयाणा किती, प्रवास आणि मुक्काम कोणाचा, कार्यक्रम रद्द झाल्यास काय, हे एका पानावर लिहून घ्या. ध्वनिक्षेपकाची परवानगी आयोजकाने घेतली आहे काय, ते पाहा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत मोकळ्या जागी ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातील मोजक्या दिवशीच शासन ही वेळ १२ पर्यंत वाढवू शकते. परवानगीचा कागद गाडीतच ठेवा. आपल्या गीतांना विरोध करणारे अजून आहेत, हे विसरू नका. मे २०१५ मध्ये शिर्डी येथे एका विद्यार्थ्याचा खून झाला. त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांवरील गीत वाजले, त्यावरून तो वाद पेटला, अशी फिर्याद नोंदली गेली. म्हणून कागदपत्र चोख ठेवा, कार्यक्रमाची सूचना पोलिसांना लेखी द्या, आणि धमकी आल्यास ती गिळून न बसता त्याच दिवशी फिर्याद नोंदवा.

आता हक्काची दुसरी बाजू. जो हक्क मागतो त्याने दुसऱ्याचा हक्क राखला पाहिजे. वामनदादा २००४ साली गेले. गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे त्यांची गीते २०६४ अखेरपर्यंत कायद्याने संरक्षित आहेत. ती आपल्या घरोघरी गायिली जातात म्हणून ती बेवारस ठरत नाहीत. त्यांचे ध्वनिमुद्रण करावयाचे तर वारसांची परवानगी घ्या, आणि गाताना कवीचे नाव घ्या.

आणि येथे हरसुलात तर आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. आपण आदिवासी बांधवांच्या शेजारी राहतो. तारपा, पावरी, संबळ यांचे सूर आपल्या मुलांच्या कानांत लहानपणापासून आहेत, आणि ते त्यांच्या नव्या गीतांत उतरणे स्वाभाविक आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चालीला कर्ता सापडत नाही, म्हणून आजचा कॉपीराइट कायदा तिला संरक्षण देत नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक चिन्हांकन मिळाले आहे, पण गाण्याला तसा आधार नाही. तेव्हा कायद्याने अडवत नाही म्हणून आपण ती चाल उचलून स्वतःच्या नावावर लावावी काय? आपल्या श्रमावर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी नाव लावले, हे दुःख ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तरी असे करू नये. ज्या पाड्यावरून चाल घेतली त्या पाड्याचे नाव गीतासोबत द्या. तेथील वादकाला सोबत घ्या, आणि त्याला आपल्याइतकाच वाटा द्या. वादकाला पसाभर धान्य देण्याची रीत आपण मोडली. ती आपल्याच हातून दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ नये.

वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे, की मुलांना वाद्य हाती घेण्यास मना करू नका. त्यांचा करार मात्र मागून घ्या आणि सर्वांदेखत मोठ्याने वाचावयास लावा. मुलांना सांगणे असे, की उद्याच एक वही घाला. प्रत्येक गीताखाली शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाजविले कोणी आणि तारीख कोणती, हे लिहून सर्वांच्या सह्या घ्या. गाडी गावाबाहेर निघण्यापूर्वी ही वही पुरी झालेली असावी.

जयभीम.